मोटार हलवणारी बाई

“ही बाई सिनेमाभर अशी पाठ करूनच चालनार हाय का?”

डबेवाल्या काकूंनी हे कुणाला विचारलं नव्हतं. रिकामे डबे न्यायला त्या वर आल्या होत्या आणि आम्ही सगळे भर दुपारी पडदे ओढून, दिवे घालवून भिंतीवर काहीतरी बघत बसलोय म्हटल्यावर दाराशीच थांबल्या होत्या. हातात पिशवी, नजर भिंतीवर. वाटलं ते स्वतःशी बोलल्या. पण त्यांचा आवाज मुळात तीन मजले खालून हाक मारायचा आहे.

सगळे हसले. मीही हसले. मग एकेकाचं हसणं थांबत गेलं, कारण भिंतीवर बाई अजून चालत होती आणि अजून आमच्याकडे पाठ करूनच.

भिंतीवर आमच्या ॲनिमेशन सिनेमाचा कच्चा नमुना चालू होता. साधी पेन्सिलची चित्रं एकापाठोपाठ लावायची, मागे कामचलाऊ आवाज टाकायचे आणि गोष्ट नीट वाहतेय का ते बघायचं. पहिली अकरा मिनिटं तयार झाली होती. दादाने, म्हणजे आमच्या बॉसने, दिवे लावले, लॅपटॉपपाशी गेला आणि ती अकरा मिनिटं पुन्हा भराभरा पळवली. बाई बांधावरून जाते, पाठ. खांद्यावर पाइप घेते, पाठ. पाण्याच्या काठाला वाकते, तेव्हा तर नुसता पदर आणि दोन टाचा.

“अख्ख्या अकरा मिनिटांत एकदाही नाही?” दादा म्हणाला.

“सातव्या मिनिटाला अर्धा कान आहे,” प्रोग्रामर म्हणाला.

काकूंनी डबे पिशवीत भरले. “मी आपलं इचारलं,” म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

ही चूक फक्त आम्हीच करू शकलो असतो. आम्ही सिनेमावाले नाही, गेमवाले. सोलापुरात सात रस्त्याला चादरींच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. सात वर्षांत तिथे एका गेमचे तीन भाग झाले. त्या तिन्ही भागांत कॅमेरा एकाच जागी असतो: बाईच्या मागे चार पावलं आणि थोडा वर. खेळणाऱ्याला बाई दिसून उपयोग नाही, बाई कुठे चाललीय ते दिसायला हवं. त्यामुळे तिचा अंबाडा, खोचलेला पदर, ब्लाउजच्या पाठीवरची विरलेली शिवण हे सगळं आम्ही दर भागात घासूनपुसून सुधारत नेलं होतं. पुढून काहीच नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये तिच्या चेहऱ्याच्या जागी एक गुळगुळीत अंडं होतं आणि डोळ्यांच्या जागी दोन खळगे. प्रोग्रामरने एकदा चुकून कॅमेरा पुढे फिरवला, तेव्हा तो खुर्ची मागे सरकवून उठलाच होता. पुन्हा कुणी त्या वाटेला गेलं नाही. सिनेमासाठी चित्रं काढायची वेळ आली तेव्हा चौघांनी ती वाटून घेतली. एकमेकांना न विचारता चौघांनीही कॅमेरा नेऊन त्याच जागी ठेवला, जणू दुसरीकडे उभं राहायला जागाच नव्हती.

त्या चौघांत मी होते. खरं म्हणजे बाई माझीच होती, पण हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं.

मी बोलत नाही असं नाही. मी लिहून बोलते. इंग्रजी शाळेत होते. तिथे वर्गात मराठी शब्द तोंडातून गेला की बाकावर उभं करायचे. इंग्रजीत काही बोलायचं तर आधी मनात अख्खं वाक्य जुळवावं लागायचं, आणि ते जुळेपर्यंत बाकीच्या मुली पुढच्या विषयावर गेलेल्या असायच्या. पुढे इंग्रजी चांगलं झालं, पण वाक्य आधी जुळवायची सवय राहिली ती राहिलीच. ऑफिसात दादाची खुर्ची माझ्यापासून दोन हातांवर आहे आणि मी त्याला मेल करते. तो वाचतो, खुर्ची वळवतो, “ओके” म्हणतो आणि पुन्हा वळतो. नव्या माणसांना हे बघून वाटतं आमचं भांडण झालंय.

गेमही असाच एका मेलमधून निघाला. दादाला खजिना शोधायचा गेम हवा होता. किल्ला, भुयार, तलवार. मी लिहिलं, खजिना असू दे, पण तो पाण्याखाली असावा आणि पाणी रोज थोडं मागे जावं. माझ्या मावशीचं गाव उजनी धरणाच्या फुगवट्यावर आहे. मे महिन्याची सुट्टी मी तिथे काढायची. धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे हटायला लागलं की काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी कोरड्या पडतात. मग मोटार उचलून पाण्यामागे खाली न्यायची, मागे पाइप जोडायचे, वायर वाढवायची. चार-आठ दिवसांनी पाणी आणखी मागे जातं, की पुन्हा तेच. सगळा काठ महिनाभर पाण्याचा पाठलाग करत असतो. काका पुण्याला एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते, त्यामुळे आमच्या घरची मोटार मावशीच हलवायची. जड काम असलं की शेजारून दोन माणसं बोलवायची, पण पाइप, वायर, जोडणी तिची. पाणी मागे गेलं की जुन्या बुडालेल्या गावाचं काहीबाही वर यायचं. पायऱ्या, जात्याची खालची तळी, कुणाच्या तरी दाराचा दगडी उंबरा.

तोच गेम. मोटार हलवायची, केळीची बाग जगवायची, आणि वाटेत पाण्याने काय काय सोडलंय ते बघायचं. मेलमध्ये मी ‘एक खेड्यातली बाई’ एवढंच लिहिलं होतं. तिची चाल बसवायची वेळ आली तेव्हा मी माझ्या फोनमधला एक व्हिडिओ वापरला. मावशी बांधावरून चाललीय, मागून काढलेला. चाल इतकी जिवंत झाली की प्रोग्रामर विचारत आला, कुठून मिळाली? मी म्हटलं, इंटरनेटवरून.

हे खोटं मी का बोलले, याचा मी बराच विचार केलाय. लाज नव्हती. फक्त एकदा ‘ही माझी’ म्हटलं की लोक आधी चित्राकडे बघतात आणि मग आपल्याकडे बघतात. दुसरं बघणं मला नको होतं. तीन भाग असेच निघून गेले.

सिनेमा करायला घेतला तो पुण्याच्या एका कंपनीने. दिग्दर्शक आमच्या गेमचा मनापासून भक्त होता. तिसऱ्या भागातल्या विहिरीपाशी तो अडकला होता, तेव्हा त्याने दादाला तीनदा फोन करून वाट विचारली होती. काकूंच्या प्रश्नानंतर दादाने त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि झाला प्रकार सांगितला. तो आधी खूप हसला. मग म्हणाला, “यार, पण चेहरा तर लागणारच ना. थेटरात लोक दीड तास अंबाडा नाही बघणार.”

दोन दिवसांनी त्याच्याकडून एक चित्र आलं. चौदा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, डोळे एवढे मोठे की त्यांत अख्खं धरण मावलं असतं. खांद्यावर एक खंड्या पक्षी, आणि खाली टीप: हा बोलतो.

त्याचं म्हणणं सरळ होतं. सिनेमा घरच्या सगळ्यांनी मिळून बघायचा आहे, मुलांना मुलगी आवडेल. चेहरा नव्यानेच करायचा आहे तर नवीन माणूसच का करू नये? “बेचाळीस वर्षांची बाई मोटार हलवतेय, हे गेममध्ये मला पण भारी वाटतं,” तो म्हणाला. “कारण तिथे मोटार मी हलवत असतो. सिनेमात मी नुसता बसलेला असणार. मग मला तिच्याकडे बघत राहावंसं वाटायला नको का?” तरी त्याने आम्हाला एक संधी दिली. पुढच्या गुरुवारी तो सोलापूरला येणार होता. तोपर्यंत बाईचा असा चेहरा दाखवा की तिच्याकडे बघत राहावंसं वाटेल. नाही जमलं तर मुलगी.

मी ते मुलीचं चित्र बराच वेळ बघितलं. चांगलं होतं. राग यावा असं त्यात काही नव्हतं, आणि याचाच जास्त राग आला.

दादाने फर्मान काढलं की प्रत्येकाने एक चेहरा काढून भिंतीवर लावायचा. शुक्रवार संध्याकाळपर्यंत भिंत भरली आणि जो येईल तो तिथे उभा राहून हसायला लागला. दादाची बाई सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीतून उठून थेट पाइप उचलायला आल्यासारखी होती. साउंडवाल्याच्या बाईला मिशी होती. तो म्हणत होता ती सावली आहे. डबेवाल्या काकूंनी सगळ्यांसमोरून एक फेरी मारली आणि निकाल दिला, “यातली एक बी पाइप उचलनार न्हाय.” मग थांबून एका चित्राकडे बोट केलं. “ही उचलंल.”

ते प्रोग्रामरचं होतं. रुंद नाक, नाकात दोन्ही बाजूंनी चमकी, कपाळावर घामाची रेघ. प्रोग्रामर शहराच्या पूर्व भागातला, घरात तेलुगू, आईवडील दोघंही आयुष्यभर कापडाच्या मागावर. “आमची अम्मा आहे,” तो म्हणाला. “समोर होती, काढली.” त्याने तिथेच चित्राचा फोटो काढून आईला पाठवला. दोन मिनिटांत तिचा व्हॉइस मेसेज आला, तो त्याने सगळ्यांना मोठ्याने ऐकवला आणि आमच्यासाठी मराठी केलं. “म्हणतेय, माझं नाक एवढं नाही. आणि मला विचारून काढायचं होतंस, केस तरी विंचरले असते.”

मला त्याचा हेवा वाटला. चित्राचा नाही. ‘आमची अम्मा आहे’ हे तो पाणी प्यायल्यासारखं बोलून गेला, त्याचा.

“तुझं कुठंय?” दादाने मला विचारलं.

“काढते,” मी म्हटलं.

माझा कागद कोराच होता. मावशीची पाठ मी डोळे मिटून काढली असती. चेहरा काढायला बसले की समोर यायचा तो लग्नाच्या अल्बममधला, नाहीतर आमच्या घरी सणाला आली की असतो तो, पावडर लावलेला, जरा परका. बांधावरचा चेहरा येईचना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बांधावरचा तिचा चेहरा मी कधी बघितलेलाच नाही. ती पुढे असायची आणि मी मागे. कॅमेरा बाईच्या मागे चार पावलं ठेवायचा हे आमच्या ऑफिसात ठरलं असं सगळे समजतात. ते त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं होतं. मी तेवढ्याच अंतराने चालायचे.

रविवारी सकाळच्या एसटीने टेंभुर्णीला गेले आणि तिथून वडापच्या जीपने मावशीच्या गावी. मावशी मागच्या अंगणात दगडावर चिलापी मासे साफ करत होती. मला बघून उठली नाही. “आलीस? आज कसं काय? रईवार हाय म्हनून?”

“तुला एक दाखवायचंय.”

“दावशील की. आदी चा पी.”

चहा झाला. तिने हात राखेने घासून धुतले, पदराला पुसले, तरी मी दिलेला फोन तिने वासाच्या भीतीने दोन बोटांत लांब धरला. मी गेम चालू करून दिला. पहिला भाग. सुरुवातीला बाई आपोआप थोडी चालते, मग खेळणाऱ्याच्या हातात येते. मावशीने फोन उन्हातून सावलीत धरला. मग म्हणाली, “ही तर आपली पान्याची चारी.”

“हो.”

“आन् ह्यो वाकडा खांब. ह्यो अजून तसाच हाय.” तिने फोन आणखी जवळ घेतला. “ही चालती माझ्यावानी.”

मी दगडावरच्या खवल्यांकडे बघत होते.

“व्हय गं?”

“हो.”

“कवापासनं हाय हे?”

“सात वर्षं झाली.”

“सात वर्सं,” मावशी म्हणाली. “आन् मला आज दावतीस.”

आता ती रागावणार असं मला वाटलं. पण तिला तेवढा वेळ नव्हता, बाई पाण्यापाशी पोचली होती. मी तिला कुठे दाबायचं ते दाखवलं. मोटार उचलली गेली, काठाला बसली, पाइप जोडला गेला, मावशीने बटण दाबलं आणि मोटार चालू झाली.

“आँ? पानी न भरता?”

“काय?”

“मोटारीत आदी पानी भरलंच न्हाय हिनं. मोटार कोरडी फिरंल, जळंल की. कुनी शिकवलं तुला?”

“मावशी, गेम आहे. गेममध्ये तसं चालतं.”

“गेमात बी जळंल,” ती म्हणाली. सात वर्षांत अनेक लोकांनी आमचा गेम खेळला, त्यावर लिहिलं, चुका काढल्या. ही चूक काढणारी ती पहिलीच. एक बादलीभर पाणी, आम्हा सहा जणांच्या डोक्यातून निसटलेलं. माझ्या तर डोळ्यांसमोर ती ते रोज भरायची.

मग तिने पायांवरून धारेवर धरलं. बाई अनवाणी का? मी म्हटलं, चप्पल हलताना नीट दिसत नव्हती, म्हणून काढून टाकली. “म्हंजे तुज्या सोयीसाठी मी काट्यातनं हिंडायचं,” मावशी म्हणाली. मला हसू आलं, तिला नाही आलं. ती खेळत राहिली. तिची बाई वाटेतले उंबरे-पायऱ्या ओलांडून सरळ जात होती, एकाही वस्तूशी थांबत नव्हती. खजिन्यात तिला रस नव्हता, तिला बाग वाचवायची होती. मध्येच तिने फोन खाली केला.

“ही मागं का बगंना?”

“मागे कोण आहे?”

“कोन म्हंजे? तू.”

मी तिच्याकडे बघितलं.

“मी सारकी बगायची,” मावशी म्हणाली. “खांद्यावर पाइप असला तरी वळायची. तू आपली पायाकडं बगत यायचीस. भेगाळलेली माती, तुजी ती शाळंची सँडल, कवा अडकंल नेम न्हाय. एक डाव गाळात रुतून बसलीस गुडघ्यापतूर. हाक सुदिक मारली न्हाईस. मी वळले म्हनून दिसलीस, न्हायतर बसली असतीस तशीच.”

मला हे काहीच आठवत नव्हतं. गाळ आठवत नव्हता, तिचं वळणंही. मी खरंच पायाकडे बघत चालायचे. ती वळून बघायची तेव्हा मी खाली बघत असायचे, आणि मी वर बघायचे तोवर ती पुन्हा चालू लागलेली असायची. माझ्याकडे राहिली ती पाठ.

“हापिसात ठावं हाय का, ही कोन ते?” तिने विचारलं.

“नाही.”

“का?”

“कुणी विचारलं नाही.”

“इचारलं न्हाय म्हनून सांगायचं न्हाय?”

“चार लोकांत मला बोलायला जमत नाही, मावशी.”

“हितं तर बोलतीस की,” ती म्हणाली आणि पुन्हा मासे घेऊन बसली.

मी तिला सगळं सांगितलं. चेहऱ्याचं, चौदा वर्षांच्या मुलीचं, खांद्यावरच्या पक्ष्याचं. पक्ष्याचं ऐकून ती म्हणाली, “खंड्या काय बोलनार? त्याला मासा दिसला की गेला.” मुलीबद्दल म्हणाली, “पोरीला मोटार उचलंल व्हय?” तिचा चेहरा सिनेमात घालू का, असं मी विचारलं. घाल म्हणाली. फक्त दात पुढचे जरा आत घे आणि पायात चप्पल घाल.

ऊन उतरल्यावर मी तिला म्हटलं, माझ्यापुढे जरा चाल. तिला ते खुळचट वाटलं, पण गोठ्यामागचा पाइपचा एक तुकडा तिने खांद्यावर घेतला आणि बांधावरून निघाली. मी चार पावलं मागे. या वेळी मी खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं. वीसेक पावलांवर ती वळली. मला वाटलं होतं मुद्दाम वळल्यासारखी वळेल, लाजेल, हसेल. तसं काही झालं नाही. मान वळली आणि तिची नजर आधी माझ्या कमरेच्या उंचीवर गेली, तिथे काही सापडलं नाही तशी वर आली आणि मग माझ्या चेहऱ्यावर थांबली. दोन क्षण. मग ती पुन्हा पुढे.

तो नजर खाली असतानाचा चेहरा मी टेंभुर्णीच्या स्टँडवर बसून काढला. एसटी उशिरा आली, त्यामुळे दात आत घ्यायलाही वेळ मिळाला, पण मी ते घेतले नाहीत.

सोमवार, मंगळवार, बुधवार चित्र माझ्या बॅगेत होतं. भिंतीवर लावलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. दादाने दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा “होतंय” म्हटलं. बुधवारी संध्याकाळी मी मेल लिहून ठेवला. इंग्रजीत, नीट परिच्छेद पाडून, चित्र जोडून. चेहरा कसा, कॅमेरा कुठे, बाई कधी वळते, सगळं. कोण आहे ते मात्र त्यातही नव्हतं. ‘संदर्भ: प्रत्यक्ष निरीक्षण’ असं लिहिलं होतं. या शब्दांचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

गुरुवारी दिग्दर्शक आला. काकूंनी त्याच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी जास्तीची आणली होती. त्याने चटणी दोनदा मागून घेतली आणि त्या बदल्यात त्याला भिंतीवरच्या चेहऱ्यांबद्दलचं काकूंचं मत पूर्ण ऐकावं लागलं. मग तो भिंतीपाशी उभा राहिला. दादाच्या बाईला हसला, मिशीला थांबून हसला. प्रोग्रामरच्या अम्मापाशी बराच वेळ थांबला, ती कोण आणि काय करते ते त्याने विचारून घेतलं. “ही खरी आहे,” म्हणाला. “पण ही मागावर बसलेली आहे. ही चालत नाही.” त्याचं खरं होतं. प्रोग्रामरनेही मान हलवली.

“म्हणजे?” दादा म्हणाला.

“म्हणजे मी तुम्हाला फार वेळ दिला आणि तुम्ही सगळ्यांनी चांगला प्रयत्न केला,” दिग्दर्शक म्हणाला, आणि लॅपटॉप उघडून त्याने मुलगी भिंतीवर मोठी केली. आता ती हलतही होती. वेण्या उडत होत्या, खंड्या मान वळवत होता.  दादा पेनाचं टोपण लावत-काढत होता. सिनेमा होतोय, एवढंही त्याला पुष्कळ होतं, हे मला त्याच्या पाठीवरूनही कळलं असतं.

मी टेबलाखाली फोन काढला आणि मेल पाठवला. दोघांनाही.

दिग्दर्शकाचा फोन कोपऱ्यात चार्जिंगला होता. दादाचा टेबलावर होता, तो वाजला. दादाने बघितलं, माझं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या “ओके”ची वाट बघत होते. त्याने फोन पालथा घातला.

“हिचा मेल आलाय,” तो दिग्दर्शकाला म्हणाला. “मी उघडणार नाहीये. उघडला तर मी वाचणार, मग तू वाचणार, मग आपण दोघं बोलणार.” मग माझ्याकडे वळून, “तू सांग. काय आहे ते.”

सगळे बघायला लागले. मी वाक्य जुळवायला घेतलं. ते जुळेना, कारण ते इंग्रजीत जुळत होतं आणि आत कुठेतरी मावशी मराठीत बोलत होती. म्हणून मी आधी बॅगेतून चित्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. काकू डबे घेऊन जायला निघाल्या होत्या, त्या वाकून बघायला थांबल्या.

दिग्दर्शकाने चित्र उचललं. नेहमीसारखा हसला नाही. प्रोजेक्टरच्या उजेडापुढे नेलं, जवळून बघितलं, लांब धरून बघितलं.

“नजर अशी खाली का आहे हिची?” त्याने विचारलं. “वळलीय, पण कॅमेऱ्यात बघत नाहीये. कुणाला शोधतेय?”

“मुलीला,” मी म्हटलं. आवाज फाटला, पण पुढचं त्याच्या मागोमाग आलंच. “तुम्हाला मुलगी हवीय ना, ती आहे. आपण इतकी वर्षं कॅमेरा जिथे ठेवतोय तिथे ती आहे, मागून चालतेय, आणि ही सारखी वळून बघते ती पडली की काय म्हणून. घ्या ना तिला सिनेमात. वेण्या घाला, पक्षी पण घाला हवा तर. पण ती मागेच चालेल, आणि मोटार माझी मावशीच हलवणार.”